फॅन आर्ट, खोटी ‘ऑफिशियल’ झलक आणि इंजिनचा प्रश्न: पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला पाच जणांचा स्टुडिओ. दोन प्रोग्रामर, एक चित्रकार, एक लेखक आणि आवाज-संगीत बघणारा एक जण. पैशाचा हिशेब थोरल्या प्रोग्रामरकडे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी बाहेरचा माणूस म्हणून त्यांच्या काही बैठकांना होतो, त्यामुळे बरंचसं प्रत्यक्ष ऐकलेलं आहे.

गेम सतराव्या शतकातल्या एका जासुदाचा. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर खलिते पोचवायचे, चौक्या चुकवायच्या, वाटेत कोणावर विश्वास ठेवायचा ते आपणच ठरवायचं. बाजूने दिसणारा टूडी गेम, प्रत्येक दृश्य हाताने रंगवलेलं, संवाद मराठी आणि इंग्रजीत. आधी पीसीवर, मग जमलं तर अँड्रॉइडवर, असा बेत. खेळणाऱ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसणार हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं होतं, कारण त्यांच्या ओळखीतले बहुतेक खेळाडू ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवरच खेळतात.

इंजिन, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधतात ते, युनिटी. ते निवडताना फार चर्चा झाली नव्हती. दोन्ही प्रोग्रामरांना युनिटीत चालणारी सी-शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा येत होती, विषय संपला. मग १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने ‘रनटाइम फी’ जाहीर केली: ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉलचा टप्पा ओलांडला की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे. फुकटच्या ‘पर्सनल’ योजनेवर तो टप्पा २ लाख डॉलर आणि २ लाख इन्स्टॉल असा होता, दर २० सेंट. जगभर आरडाओरडा झाला. दहा दिवसांनी कंपनीने पाऊल मागे घेतलं: पर्सनल योजना फीमधून वगळली आणि बाकीच्यांनाही फी फक्त २०२४ पासून येणाऱ्या नव्या आवृत्त्यांनाच लागेल असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये मुख्य अधिकारीही गेले. आपल्या स्टुडिओला या फीची झळ बसण्याची शक्यता तशीही नव्हती. पण ‘उद्या पुन्हा नियम बदलले तर?’ हा किडा धाकट्या प्रोग्रामरच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. पुढे जे झालं त्यात या किड्याचा वाटा मोठा आहे.

काय घडलं

२०२४ च्या सुरुवातीला कोल्हापूरकडच्या एका विद्यार्थ्याने या गेमवरून चार चित्रं बनवली. हा मुलगा गेमचा जुना चाहता. चित्रं अनरियल इंजिन ५ या दुसऱ्या इंजिनमध्ये उभारलेली, संपूर्ण थ्रीडी. त्यातलं एक गाजलं: रात्रीची वेळ, किल्ल्याचा महादरवाजा, दोन मशाली, पावसाने ओला झालेला दगड, त्यावर उजेडाचे लांबट ओघळ, आणि पाठमोरा जासूद. कोपऱ्यात गेमचं बोधचिन्ह. ते त्याने स्टुडिओच्या प्रेस किटमधून, म्हणजे पत्रकारांसाठी ठेवलेल्या चित्रं-माहितीच्या संचातून, उतरवलं होतं. मजकुरात स्वच्छ लिहिलं होतं की ही चाहत्याची कल्पना आहे, गेमशी संबंध नाही.

पुढची पायरी महत्त्वाची. स्टुडिओचं सोशल मीडिया खातं तेव्हा एक इंटर्न सांभाळत होती. तिला चित्र आवडलं, तिने ते स्टुडिओच्या खात्यावरून स्टोरीत शेअर केलं. शब्द एकही नाही, फक्त एक लाल बदाम. त्या बदामासकटचा स्क्रीनशॉट एका गेमिंग पानाने उचलला, मूळ मजकूर गळाला, आणि रील झाली: ‘मराठी गेम आता अनरियल ५ वर, पहिले अधिकृत स्क्रीनशॉट.’ तिथून ते इतर पानांवर गेलं. दोन-तीन दिवसांत स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर विशलिस्ट करणाऱ्यांची, म्हणजे ‘आला की घेईन’ अशी खूण करणाऱ्यांची, संख्या झपाट्याने वर जाऊ लागली.

स्टुडिओच्या चित्रकार ताईंनी चित्र मोठं करून बघितलं तेव्हा त्यांना पाच मिनिटांत सगळं दिसलं. चौकट सिनेमासारखी लांबरुंद, वरखाली काळ्या पट्ट्या. पडद्यावर ना नकाशा, ना खलित्याची खूण, ना दमाची पट्टी. मागची तटबंदी कॅमेऱ्याच्या भिंगातून यावी तशी धूसर. आणि दगड! दरवाजाच्या भिंती घडीव चिऱ्यांच्या नव्हत्याच; गोलसर, अनघड खडक एकमेकांवर रचलेले, त्यावर उशीसारखं जाड शेवाळ. हे खडक आइसलँडचे. मेगास्कॅन्स नावाच्या संग्रहात खऱ्या दगडांचे, झाडांचे स्कॅन असतात आणि आइसलँडच्या खडकांचा त्यात मोठा भरणा आहे. सह्याद्रीही बेसाल्टचा आणि आइसलँडही बेसाल्टचा, म्हणून रंग फसवतो.

दरवाजाचीही गोष्ट तीच. चित्रातला दरवाजा सरळ समोर, दुरून दिसणारा. शिवकालीन बांधणीत महादरवाजा पुष्कळदा दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेला असतो, वाट वळसा घेऊन आत शिरते. त्यालाच गोमुखी रचना म्हणतात. या गेमचा एक अख्खा टप्पा त्या वळशावर बेतलेला आहे, कारण वळणाआडचा पहारेकरी जासुदाला दिसत नाही आणि जासूद त्याला. म्हणजे लोकांना आवडलेल्या चित्रात खेळता येईल असा तो टप्पाच नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत विषय ‘आपलं चित्र चोरलं’ असा निघाला. चोरी कोणी केली नव्हती. मुलाने पात्र आणि बोधचिन्ह वापरलं, पण श्रेय देऊन, पैसे न कमावता. अडचण अशी की एका चित्राने स्टुडिओच्या वतीने तीन वचनं देऊन टाकली: गेम थ्रीडी आहे, अनरियलवर आहे, आणि असाच दिसणार आहे.

त्यात इंजिनचं नाव आजकाल नुसती तांत्रिक बाब राहिलेली नाही. मार्च २०२२ मध्ये ‘विचर’ गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने स्वतःचं रेडइंजिन सोडून अनरियल ५ घेत असल्याचं सांगितलं, तेव्हा ती बातमी नव्या ‘विचर’ गेमच्या बातमीइतकीच चघळली गेली. ‘अनरियल ५’ म्हटलं की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक झगमगाट येतो. टिप्पण्यांत प्रश्न येऊ लागले ते पीएस५ वर कधी, किती जीबी, कोणतं कार्ड लागेल. जुने चाहते वेगळंच विचारत होते: ‘हाताने काढलेली चित्रं सोडून दिलीत का?’

मग एका परदेशी प्रकाशकाच्या प्रतिनिधीचा मेल आला. त्याने आधी गेम बघून शांतपणे नकार दिला होता. आता त्याला ‘नव्या आवृत्तीचा बिल्ड’, म्हणजे चालवून बघता येईल अशी गेमची प्रत, हवी होती.

पर्याय

चित्राबाबत चार वाटा होत्या. गप्प बसायचं आणि विशलिस्ट वाढू द्यायची. कॉपीराइटची नोटीस पाठवून चित्र उतरवायला लावायचं. खुलासा करायचा. किंवा मुलालाच बोलावून त्याच्याबरोबर काही करायचं.

नोटिशीची वाट पहिल्याच दिवशी बाद झाली, आणि बरं झालं. नोटीस लागली असती ती नाव देऊन प्रामाणिकपणे पोस्ट करणाऱ्या मुलाला. मजकूर गाळणारी पानं तोवर दुसऱ्या रीलकडे वळलेली असती.

गप्प बसण्याचा मोह मात्र खरा होता. थोरला प्रोग्रामर म्हणाला, “आपण कुठे खोटं बोललोय? लोकांनी समजून घेतलं त्याला आपण काय करणार?” त्यावर चित्रकार ताईंचा प्रश्न होता, “आणि तो बदाम कोणाच्या खात्यावरून गेला रे?” खरा पेच इथेच होता. बाहेरच्या लोकांचा गैरसमज आणि स्टुडिओने शिक्का मारलेला गैरसमज यांत फरक असतो.

उलट दिशेच्या चुकाही मोठ्या कंपन्यांकडून झालेल्या आहेत. २००८ मध्ये कॅपकॉम कंपनीच्या ‘ओकामी’ या गेमच्या वी (Wii) कन्सोलवरच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आयजीएन या संकेतस्थळाचा वॉटरमार्क छापून आला, आणि कंपनीने ग्राहकांना बदली मुखपृष्ठं देऊ केली. २०२१ मध्ये बंजी कंपनीच्या ‘डेस्टिनी २’ गेमच्या एका ट्रेलरमध्ये चाहत्याचं चित्र शिरलं, बाहेरच्या कंत्राटदाराने ते बंजीचंच समजून वापरलं, असं कंपनीने सांगितलं. बोधचिन्ह लावलेलं सुबक चित्र फाइलींच्या ढिगात पडलं की ते कोणाचं हे काही महिन्यांनी घरच्यांनाही ओळखू येत नाही. पाच जणांच्या स्टुडिओत हा धोका कमी नसतो, जास्तच असतो.

इंजिनबाबत तीन वाटा मांडल्या गेल्या: युनिटीवर राहायचं, अनरियलवर जायचं, किंवा गोडो या फुकट, मुक्त इंजिनवर जायचं. चित्र आलं नसतं तर ही चर्चा त्या आठवड्यात झालीच नसती. त्यामुळे माझ्या मते ती चुकीच्या दिवशी सुरू झाली, पण तिच्यातून निघालं ते कामाचं निघालं.

अनरियलची चाचणी

धाकट्या प्रोग्रामरने अनरियलमध्ये तो दरवाजा उभा केला. त्याच्या कार्ड लावलेल्या मशीनवर तो झकास दिसला. मग लेखकाच्या लॅपटॉपवर चालवला, ज्यात वेगळं कार्ड नाही. जासूद एक पाऊल टाकायचा आणि चित्र अडखळायचं. चित्रातला सगळा उजेड ‘लुमेन’ नावाच्या यंत्रणेचा होता. मशालीचा प्रकाश भिंतीवर आपटून दगडावर कसा सांडेल हे ती चालत्या गेममध्ये मोजते. ती पीएस५ सारखे कन्सोल आणि दमदार पीसी यांच्यासाठी आहे. ती बंद केली तेव्हा गेम पळू लागला, आणि पडद्यावर उरला तो एक साधा, सपाट, थोडा प्लॅस्टिकसारखा दरवाजा.

ज्यासाठी अनरियल घ्यायचं तेच बंद करून खेळायचं असेल, तर घ्यायचं कशाला? शिवाय हाताने रंगवलेली दृश्यं मोडीत, सी-शार्पमधलं सगळं लिखाण पुन्हा, आणि थ्रीडी मॉडेल बनवणारं माणूस स्टुडिओत नाही. पैशाचा मुद्दा मात्र अनरियलच्या विरोधात नव्हता: एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर ५ टक्के, तोवर काही नाही. या आकड्याची चिंता करण्याची वेळ यावी अशीच सगळ्यांची इच्छा होती.

मुलाने मोठ्या मनाने सगळ्या फाइली देऊ केल्या होत्या. “दादा, हवं ते घ्या, मला फक्त नाव द्या.” इथे एक खाच होती जी कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्याने मेगास्कॅन्स फुकट वापरले ते अनरियलच्या सवलतीखाली. अनरियल बनवणाऱ्या एपिकने २०१९ मध्ये मेगास्कॅन्सची कंपनी क्विक्सेल विकत घेतल्यावर हा संग्रह अनरियलमधल्या वापरापुरता मोफत केला होता. तेच दगड युनिटीत आणले असते तर परवान्याबाहेर गेले असते. म्हणजे चित्र आणि इंजिन हे दोन प्रश्न वाटत होते त्याहून जास्त एकमेकांत अडकलेले होते. (ऑक्टोबर २०२४ मध्ये हा संग्रह एपिकच्या फॅब या ऑनलाइन बाजारात गेला आणि नियम बदलले, पण हे प्रकरण त्याआधीचं.)

देवनागरीने काढलेला वेगळाच मुद्दा

गोडोची चाचणी करताना लेखक शेजारी बसला होता. त्याने सहज मराठी संवादाची फाइल टाकली आणि म्हणाला, “अरे, हे बरोबर दिसतंय.”

युनिटीत ते बरोबर दिसत नव्हतं. तिथे मजकूर दाखवायला ते युनिटीचं टेक्स्टमेशप्रो हे साधन वापरत होते, आणि देवनागरीसारख्या लिपीत अक्षरं एकमेकांना कशी जोडायची हे त्याला येत नाही. ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी ‘क’च्या आधी न बसता ‘ल’च्या डोक्यावर जायची, आणि जोड ‘ल्ल’ऐवजी पाय मोडलेला ‘ल्’ आणि शेजारी अख्खा ‘ला’ दिसायचा. ‘वाऱ्यावर’मधल्या अर्ध्या ‘र’ची तर वाताहत. तोवर ते महत्त्वाचे संवाद चित्र म्हणून काढून चिकटवत होते आणि ‘शेवटी बघू’ म्हणत होते. गोडो ४ मध्ये हार्फबझ ही अक्षरजोडणीची यंत्रणा आतच आहे. अनरियलमध्येही आहे. मराठी संवाद हा ज्या गेमचा गाभा, त्याला युनिटी सोडायला हे एक खरं, वजनदार कारण होतं. टिप्पण्यांमध्ये इंजिनवरून भांडणाऱ्या एकालाही ते सुचलं नव्हतं, आणि ते सुचण्याचं त्यांना कारणही नव्हतं.

गोडोच्या बाजूने आणखीही होतं: एमआयटी हा मुक्त वापराचा परवाना, म्हणजे उद्या कोणी फी लावेल ही भीतीच नाही, आणि टूडीसाठी ते हलकं. विरोधात: सी-शार्पचा गेम अँड्रॉइडवर नेण्याची सोय ४.२ आवृत्तीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये नुकतीच आली होती आणि तीही प्रायोगिक. कन्सोलवर जायचं तर बाहेरच्या कंपनीची मदत लागते. आणि जवळपास निम्मा गेम पुन्हा बांधावा लागला असता.

काय केलं

आधी खुलासा, पण तो चित्र पसरल्यावर जवळजवळ आठवड्याने. एकच पोस्ट: डावीकडे मुलाचं चित्र, उजवीकडे गेममधलं खरं दृश्य, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत चित्रातच लिहिलेलं, ‘चाहत्याची कल्पना’ आणि ‘प्रत्यक्ष गेम’. खाली मुलाचं नाव, त्याच्या परवानगीने. मजकूर चित्रातच घालायचा हा आग्रह चित्रकार ताईंचा. खालचा मजकूर शेअर होताना गळतो हे आताच सगळ्यांनी पाहिलं होतं.

प्रकाशकाला त्याच दिवशी उत्तर गेलं: ते चित्र आमचं नाही, गेम टूडीच आहे, बिल्ड जोडला आहे. थोरल्या प्रोग्रामरला ‘आम्ही थ्रीडीचाही विचार करतोय’ असं एक वाक्य घालायचं होतं, आणि चाचणी झालेली असल्याने ते अगदीच खोटंही नव्हतं. लेखकाने ते खोडलं.

स्टीमच्या पानाला चित्राचा वाराही लागू दिला नाही. ‘नो मॅन्स स्काय’ गेम जाहिरातीत दाखवला तसा निघाला नाही यावरून २०१६ मध्ये उठलेल्या वादानंतर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने विकासकांना बजावलं होतं की स्क्रीनशॉटच्या जागी प्रत्यक्ष गेमचीच चित्रं हवीत, कल्पनाचित्रं नकोत.

मग मुलाला पुण्याला बोलावलं. तो आधी घाबरलेला. “ताई, मी खाली स्पष्ट लिहिलं होतं हो,” हे त्याचं पहिलं वाक्य. ताईंना त्याच्याकडून हवी होती ती प्रकाशयोजना: ओल्या दगडावर मशाल कशी ओघळते, अंधार कुठे सोडायचा. त्याने काही आठवडे ताईंबरोबर काम केलं, मानधन घेऊन, आणि तीन रात्रीच्या दृश्यांना युनिटीच्या टूडी लाइट्सनी ती धग आली. गेममधला दरवाजा आता गोमुखीच आहे; मशाल वळणाआड आहे, दिसतो तो फक्त भिंतीवरचा तिचा उजेड. पहारेकरी पुढे सरकला की आधी त्याची सावली येते. खेळायलाही हे आधीपेक्षा चांगलं झालं.

करार लेखी केला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं; मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: वेगळं नमूद केलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास हस्तांतर रद्द झालं असं मानलं जातं. गेम यायला वर्षाहून जास्त अवकाश होता, म्हणून ते वेगळं नमूद केलं. नावाचा हक्क कलम ५७ प्रमाणे कलाकाराकडे राहतोच, तरी श्रेयनामावलीतली ओळ शब्दशः करारात घातली.

इंजिनचा निर्णय: हा गेम युनिटीवरच, चालू असलेल्या २०२२ च्या एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीवर. ती जुनी असल्याने फीच्या कक्षेबाहेर होती. देवनागरीसाठी थोरल्याने छोटं साधन लिहिलं: संवाद बिल्डच्या वेळी हार्फबझमधून काढायचे आणि गेमला तयार अक्षरजोड्याच द्यायच्या. पुढचा गेम गोडोवर.

परिणाम

खुलाशानंतर विशलिस्टमधून नावं गळाली, आणि नव्याने आलेल्यांपैकी बरीच गळाली. प्रकाशकाने आभार मानले आणि पुन्हा नकार दिला. ऑक्टोबर २०२४ च्या स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या ऑनलाइन महोत्सवात, डेमो ठेवला तेव्हा ‘हे चित्रात होतं तसं नाही’ अशी तक्रार तुरळक आली. रात्रीच्या दृश्यांबद्दल मात्र लोक आपणहून लिहीत होते. मुलगा आता बाहेरून त्यांच्यासाठी काम करतो.

त्याआधी महिनाभर, १२ सप्टेंबर २०२४ ला, युनिटीने गेमसाठीची रनटाइम फी पूर्ण रद्द केली. घोषणेला बरोबर एक वर्ष झालं होतं. फीच्या धास्तीने घाईने इंजिन बदललं असतं तर ती धास्ती गेम पूर्ण होण्याआधीच निकालात निघाली असती.

वेगळं काय करता आलं असतं

तो आठवडा. माझ्या मते सगळ्यात महाग पडला तो. रोज सकाळी आकडा वाढलेला बघायचा आणि खुलासा उद्यावर ढकलायचा, असं चार-पाच दिवस चाललं. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर गळणारी नावं आलीच नसती आणि प्रकाशकाचा तो अवघड मेलही टळला असता. टीममधले दोघे अजून मानतात की त्या आठवड्याने गेमचं नाव नव्या लोकांपर्यंत पोचलं. मला पटत नाही, पण त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्याजोगंही नाही.

इंटर्नला दोष देणं सगळ्यांनी टाळलं, ते योग्यच. शेअर करण्याचा नियमच नव्हता. आता आहे: चाहत्याचं काही शेअर करायचं तर त्यावर ‘चाहत्याचं’ आणि कलाकाराचं नाव, नाहीतर शेअर नाही. प्रेस किटमध्ये आता दोन बोधचिन्हं आहेत. एक बातमीसाठी, दुसरं चाहत्यांसाठी, ज्यात ‘चाहत्यांकडून’ हे शब्द चिन्हाचाच भाग आहेत.

आणि मराठी मजकुराची चाचणी. ती इंजिन निवडताना, पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. ‘किल्ला’, ‘वाऱ्यावर’, ‘शिपाई’, ‘हृदय’, ‘दुर्ग’ हे पाच शब्द पडद्यावर आणून बघायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या गेमसाठी गोडोत नवा प्रकल्प उघडला तेव्हा लेखकाने सगळ्यात आधी हेच पाच शब्द टाकून बघितले.